कळ्या धरतात, पण उमलण्याआधीच गळतात: घरातल्या नाजूक उष्णकटिबंधीय फुलझाडांची तपासणी

फॅलेनॉप्सिस ऑर्किडला दांडा येतो, दांड्यावर आठ-दहा कळ्या धरतात, रोज थोड्या थोड्या फुगतात, आणि उमलायला दोन-चार दिवस राहिलेले असताना पहिली कळी पिवळी पडते. दोन दिवसांनी तिच्या शेजारची. मेडिनिला, स्टेफानोटिस, होया, अनंत म्हणजेच गार्डेनिया, यांचंही असंच होतं. झाड वरून ठणठणीत, पानं चकचकीत, आणि कळ्या मात्र कुंडीभोवती विखुरलेल्या.

ही एकच तक्रार मी माझ्या झाडांवर आणि ओळखीच्यांच्या झाडांवर इतक्या वेळा निस्तरली आहे की आता ठरलेल्या क्रमानेच जाते. झाडाला हात न लावता, फुकटात जे तपासता येतं ते आधी. कुंडीतून झाड काढून मुळं बघणं सगळ्यात शेवटी. बहुतेकांकडून नेमकं उलटं होतं: कळी गळली की खत, मग कुंडी बदल, मग जागा बदल. यातली प्रत्येक गोष्ट उरलेल्या कळ्यांना आणखी एक धक्का देते.

आधी गळालेली कळी हातात घ्या

ती टाकून देऊ नका. पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उजेडात बघा.

- पिवळट, सुरकुतलेली, आणि एक-दोन दिवसांत दांड्यावरच्या बऱ्याच कळ्यांची तीच गत: हवेतला वायू किंवा तापमानाचा अचानक बसलेला धक्का.
- हिरवीगार, टवटवीत कळी देठापासून सुटून पडलेली: झाडाची जागा किंवा दिशा बदलली आहे, नाहीतर पाण्यात चढउतार झाला आहे. अनंताची कळी फार वेळा अशी पडते.
- तपकिरी, कागदासारखी वाळलेली: कोरडी हवा, किंवा मुळांकडून पाणी वर पोचत नाही.
- टोकाशी काळपट, ओलसर, वर राखाडी लव: कळीवर पाणी साचून बुरशी आली आहे.
- वेडीवाकडी, चंदेरी ओरखडे असलेली, अर्धवट उमलून अडकलेली: कीड.
- फक्त दांड्याच्या अगदी शेंड्याच्या एक-दोन बारीक कळ्या: काही करू नका. झाड तेवढाच भार पेलणार होतं.

आणखी एक खूण वेगळी सांगते, कारण तिच्यामुळे दिशाच बदलते. कळ्यांबरोबर पानंही मऊ पडत असतील, लोंबत असतील किंवा खालून भराभर पिवळी होत असतील, तर दोष मुळांशी असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मधल्या पायऱ्यांवर रेंगाळू नका, पाण्याची तपासणी करून थेट मुळांकडे जा.

कारण आजचं नसतं

कळीच्या देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. कळी वाढत असते तोवर ऑक्सिन हे संप्रेरक तिच्याकडून देठाकडे वाहत राहतं आणि तो थर घट्ट राहतो. वाढ अडली की ऑक्सिनचा ओघ आटतो, थर इथिलीन या वायूला संवेदनशील होतो, तिथल्या पेशी एकमेकींपासून सुटू लागतात आणि कळी गळते. याला काही दिवस जातात. म्हणून आज गळालेल्या कळीसाठी आज काय चुकलं हे शोधण्यात अर्थ नाही. मागचे आठ-दहा दिवस आठवा. कुंडीशेजारी एक वही ठेवा आणि पाणी कधी दिलं, खिडकी कधी उघडली, कुंडी कधी सरकवली एवढंच लिहा. मला अर्ध्याहून जास्त वेळा उत्तर या वहीतच मिळालं आहे.

एका वेळी एकच बदल करा आणि निदान आठवडाभर थांबा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

झाड हललं का?

ही पहिली तपासणी, कारण इथे फक्त आठवायचं असतं. स्टेफानोटिस हा मूळचा मादागास्करचा वेल, आणि कळ्या धरल्यावर उजेडाची दिशा बदललेली त्याला अजिबात खपत नाही. सगळीकडून सारखा वाढावा म्हणून मी माझा वेल दर आठवड्याला थोडा फिरवायची, आणि दोन बहर तसेच गेले. तिसऱ्या वेळी कळ्या दिसताच फिरवणं बंद केलं. मग तो फुलला. मेडिनिला आणि अनंत यांचंही तेच. फॅलेनॉप्सिस थोडं सोशीक असतं, पण त्याच्या कळ्या वाढताना देठावर वळून दिशा घेतात. मध्येच कुंडी फिरवली तर फुलं निरनिराळ्या दिशांना तोंड करून उमलतात.

कुंडीच्या खिडकीकडच्या बाजूला खडूने खूण करा. पाणी द्यायला उचलली तरी खूण पुन्हा खिडकीकडेच आली पाहिजे.

झाड नुकतंच विकत आणलं असेल तर पहिल्या काही कळ्या जाणारच असं धरून चाला. बंद खोक्यात, अंधारात, गाडीत ते काही दिवस काढून आलेलं असतं. मोठे उत्पादक पाठवण्यापूर्वी झाडांना १-मिथाइलसायक्लोप्रोपीन नावाचा वायू देतात, तो पेशींमधल्या इथिलीन ओळखणाऱ्या जागा अडवून धरतो, म्हणून इथिलीनचा परिणाम होत नाही. तरीही प्रवासाचा फटका पूर्ण टळत नाही. नवीन झाडाला आल्या आल्या दुसऱ्या कुंडीत लावू नका.

आसपासच्या हवेत काय आहे?

पिकणारी फळं इथिलीन सोडतात. सफरचंद आणि केळी तर भरपूर. फळांची टोपली आणि कळ्यांवर आलेलं ऑर्किड एकाच टेबलावर असेल तर टोपली दुसऱ्या खोलीत न्या, झाड नको. कोमेजलेली फुलंही हाच वायू सोडतात, म्हणून ती दांड्यावर ठेवू नका.

धूर आणि नीट न जळणारा गॅस हे दुसरे स्रोत. ही गोष्ट फार जुनी आहे: सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं की प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं आडवी, वेडीवाकडी वाढत होती ती दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे. वनस्पती स्वतःही हा वायू तयार करतात हे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं. घरातल्या ऑर्किडची कळी त्या वाटाण्याइतकीच हळवी समजा.

इथे पहिला थांबा. गॅसची शेगडी, गिझर किंवा हीटर असलेल्या खोलीत वेगवेगळ्या झाडांच्या कळ्या एकदम गळत असतील आणि ज्योत निळी न राहता पिवळी, काजळी धरणारी दिसत असेल, तर झाडाचा विचार बाजूला ठेवा. उपकरण बंद करा आणि गॅस दुरुस्ती करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि त्याला वास नसतो. घरात कुणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर सगळ्यांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि वैद्यकीय मदत घ्या. गॅसचाच वास येत असेल तर ज्योत पेटवू नका, विजेच्या बटणाला हात लावू नका, बाहेर पडा आणि तिथून फोन करा.

झोत आणि रात्रीचं तापमान

टिश्यू पेपरची एक पट्टी कळ्यांच्या उंचीवर धरा. सतत फडफडत असेल तर एसीचा, हीटरचा किंवा दाराच्या फटीचा झोत थेट कळ्यांवर येतो आहे. खोलीत हवा खेळती हवीच, पण ती कळ्यांवर आदळता कामा नये. झाड हलवण्यापेक्षा झोताची दिशा बदला किंवा मध्ये आडोसा उभा करा.

मग किमान आणि कमाल दोन्ही तापमान नोंदवून ठेवणारा साधा डिजिटल तापमापक कुंडीशेजारी तीन रात्री ठेवा. दिवसा सगळं ठीक वाटतं, घोळ रात्री होतो. फॅलेनॉप्सिसला साधारण १८ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. दांडा फुटण्यासाठी त्याला काही आठवडे २५ अंशांच्या आसपास किंवा खाली गारवा लागतो, पण कळ्या धरल्यावर १५ च्या खाली गेलेली रात्र महागात पडते. अनंताचं उलट आहे. त्याला रात्री १५ ते १८ अंशांच्या गार हव्यात, आणि उबदार रात्री लागोपाठ आल्या की तो कळ्या टाकतो. त्यामुळे दोघांना एकाच खोलीत सुखी ठेवणं अवघड जातं. गार काचेला टेकलेला दांडा हाही एक लपलेला दोषी, तो निदान हातभर आत घ्या.

पाणी

सगळ्यात जास्त झाडं इथे अडकतात, आणि कारण 'कमी' किंवा 'जास्त' एवढंच नसतं. एक आठवडा कोरडी ठणठणीत, पुढच्या आठवड्यात चिंब, या हेलकाव्याने कळी जाते. वाढणाऱ्या कळीत पाणी सतत चढत असावं लागतं. एकदा ताण पडला की झाड आधी पानं सांभाळतं आणि कळ्या सोडून देतं.

वार ठरवून पाणी देणं बंद करा. लाकडी काडी मिश्रणात खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढून गालाला लावा. गार, ओलसर लागली तर अजून थांबा. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणंही आठवडाभरात अंगवळणी पडतं. फॅलेनॉप्सिस पारदर्शक कुंडीत असेल तर काम आणखी सोपं: मुळांवरचं स्पंजासारखं आवरण कोरडं झालं की चंदेरी दिसतं, ओलं असलं की हिरवं. चंदेरी झाल्यावर पाणी द्या.

दोन सापळे आहेत. पहिला, बाहेरची शोभेची कुंडी. तिला भोक नसतं, तळाशी पाणी साचतं आणि वरून काही दिसत नाही. दुसरा, विकत आणलेल्या ऑर्किडच्या मुळांच्या मधोमध राहिलेला स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, घट्ट गोळा. भोवतालचे झाडाच्या सालीचे तुकडे सुकतात, पण हा गोळा आठवडे ओला राहतो आणि मुळं मधूनच कुजतात. काडी मध्यभागीच खुपसायची ती यासाठी.

अनंत आणि मेडिनिला कळ्यांवर असताना पूर्ण कोरडे होऊ देऊ नका. होया जाड पानांत पाणी साठवतो म्हणून त्याला लोक विसरतात, पण कळ्यांचा झुबका धरल्यावर पान सुरकुतेपर्यंत वाट पाहिली तर आख्खा झुबका जातो. पाणी खोलीच्या तापमानाचं असू द्या.

कीड

कळीखाली पांढरा कागद धरा आणि दांडा हलकेच टिचकीने झटका. कागदावर बारीक, लांबट, सरपटणारे ठिपके दिसले तर ते फुलकिडे. ते मिटलेल्या कळीच्या आत शिरून रस शोषतात, म्हणून वरून काही दिसत नाही आणि कळी वेडीवाकडी होते. पानाची मागची बाजू ओल्या पांढऱ्या कापडाने पुसा. तांबूस रेघ उमटली तर लाल कोळी. कापसासारखे पुंजके देठाच्या बेचक्यात असतील तर पिठ्या ढेकूण. होयावर आणि मेडिनिलावर मला हेच जास्त सापडले आहेत.

किडलेल्या कळ्या खुडून बंद पिशवीत टाका. पिठ्या ढेकूण ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा. कोळी असेल तर पानं खालून पाण्याने धुवा. पाच ते सात दिवसांनी पुन्हा, आणि नंतर आणखी दोनदा, कारण अंडी पहिल्या खेपेला मरत नाहीत. उरलेल्या निरोगी कळ्यांवर तेलाची किंवा साबणाची फवारणी मी करत नाही, त्यानेही कळ्या डागाळतात. आणि शेतीसाठीची तीव्र कीटकनाशकं बंद खोलीत कधीही वापरू नका. घरातल्या झाडांसाठी मान्य असल्याचं वेष्टनावर लिहिलेलं नसेल तर ते औषध घरात नको.

हवेतला ओलावा

फॅलेनॉप्सिस आणि मेडिनिला दोन्ही निसर्गात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात. मेडिनिला मॅग्निफिका फिलिपिन्सच्या दमट जंगलातली. तिला ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, आणि एसी किंवा हीटर चालू असलेल्या खोलीत ती सहज ३०-३५ वर उतरते. अंदाज करू नका, आर्द्रतामापक ठेवा. ४० च्या खाली आकडा सतत राहिला तर कळ्या कागदी होऊन वाळणार.

स्प्रे मारून हे सुटत नाही. फवाऱ्याचा परिणाम काही मिनिटांत संपतो, आणि कळीवर राहिलेल्या थेंबाने बुरशी येते. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीचा फायदा अगदी थोडा. झाडं एकमेकांजवळ ठेवणं बरं, आणि खरंच कोरडी हवा असेल तर ह्युमिडिफायर हाच उपाय. त्याची वाफ थेट कळ्यांवर सोडू नका.

उजेड

तपासायला सोपं असूनही हे इतक्या खाली ठेवलं, कारण उपाय करायचा तर झाड हलवावं लागतं. लख्ख दिवशी दुपारी पानांवर हाताची सावली पाडून बघा. मऊ कडांची पण ओळखू येणारी सावली पडली तर फॅलेनॉप्सिसला पुरेसं आहे. सावलीच दिसत नसेल तर दांडा आला असला तरी कळ्या पोसण्याइतकी साखर पानांत बनत नाही. फॅलेनॉप्सिसला १०,००० ते १५,००० लक्स (उजेडाचं माप) चांगले. अनंताला याहून बराच जास्त उजेड आणि सकाळचं थोडं ऊन लागतं.

कळ्या आधीच असतील तर झाड सरकवण्याऐवजी वाढीचा एलईडी दिवा झाडाकडे आणा. दिवसाला १२ ते १४ तास पुरे, रात्री अंधार हवाच.

क्षार

कुंडीच्या काठावर पांढरी खपली, पानांची टोकं करपलेली: खताचे किंवा जड पाण्याचे क्षार साचले आहेत. ते मुळांची टोकं जाळतात, आणि कळीला पाणी तिथूनच मिळतं. कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट साधं पाणी हळूहळू ओतून निथळू द्या. कळ्या असताना खताची मात्रा निम्मी करा आणि कोरड्या मुळांना खत देऊ नका.

अनंताच्या बाबतीत पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर मातीचा सामू (पीएच) तपासा. तो ५ ते ६ हवा. जड पाण्याने सामू चढत जातो आणि मातीत असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. पावसाचं किंवा आरओचं पाणी आणि चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) यांनी नवी पानं सुधारतात.

मुळं, सर्वांत शेवटी

पारदर्शक कुंडी असेल तर बाहेरूनच बघा. कठीण, पांढरी किंवा हिरवी मुळं चांगली. तपकिरी, दाबल्यावर लिबलिबीत, ज्यांचं साल ओढल्यावर आत नुसता दोरा उरतो, ती मेलेली. वरून पानं सुरकुतलेली आणि मिश्रण ओलं असं एकत्र दिसलं तरच झाड बाहेर काढा.

निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर फुलांचा नाद सोडा. दांडा कापा, मेलेली मुळं काढा, आणि उरलेल्या मुळांना बसेल एवढ्याच लहान कुंडीत ताज्या सालीत लावा. कापताना जीव तुटतो, मला ठाऊक आहे. पण तो दांडा झाडाच्या साठ्यावर चालला आहे, आणि कळ्या तशाही उमलणार नाहीत. अनंत आणि मेडिनिलाची मुळं ठीक असतील तर कुंडी बदलायचं काम बहर संपल्यावरच करा.

कुठे थांबायचं

गॅसचं वर सांगितलंच, तिथे एक दिवसही वाट पाहू नका.

पानावर पाणथळ, दुर्गंधी येणारा डाग पडून एक-दोन दिवसांत पसरत असेल तर तो जिवाणूजन्य मऊकूज असू शकतो. झाड ताबडतोब वेगळं करा. संग्रह मोठा असेल तर घरगुती प्रयोग न करता जाणकाराला दाखवा.

फॅलेनॉप्सिसच्या पानांवर खोलगट काळे पट्टे किंवा कडी, फुलांवर रंगाचे तुटक डाग, आणि सगळं नीट असूनही बहरामागून बहर बिघडलेला, असं असेल तर विषाणूची शंका घ्या. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू ऑर्किडमध्ये सगळ्यात जास्त आढळतात, त्यांवर औषध नाही आणि ते कात्रीवरून दुसऱ्या झाडाला जातात. नुसतं बघून निदान होत नाही, चाचणी लागते. ती होईपर्यंत त्या झाडासाठी वेगळं पातं वापरा.

आणि वरचं सगळं करून लागोपाठ दोन बहर गेले तर कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग किंवा वनस्पती रोगनिदान प्रयोगशाळा गाठा. नेताना वही न्या, झाडाचे आणि खिडकीचे फोटो न्या, आणि गळालेल्या कळ्या कागदी पाकिटात न्या. प्लास्टिकच्या पिशवीत त्या कुजतात आणि तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

कारण सापडल्यावर

पिवळी पडू लागलेली कळी परत जुळत नाही, त्यामुळे सुधारणा जोखायची ती मागून येणाऱ्या लहान कळ्यांवरून. फॅलेनॉप्सिसचा दांडा अजून हिरवा आणि झाड सशक्त असेल तर पहिल्या फुलाच्या जागेखालच्या डोळ्याच्या किंचित वर कापा, बऱ्याचदा तिथून फाटा फुटतो. होयाचा दांडा मात्र कळ्या गळून बोडका झाला तरी कापू नका. पुढचा झुबका त्याच बुंध्यावर येतो, आणि तो दांडा वर्षानुवर्षं फुलत राहतो. अनंत आणि मेडिनिलाच्या बाबतीत पुढच्या बहराची वाट बघावी लागेल. तोवर खडूची खूण पुसू नका.